घरच्या जीपसाठी हत्यारं कशी निवडावीत

ऑनलाइन मिळणारी शंभरेक नगांची प्लॅस्टिकची पेटी जीपसाठी घेऊ नका. त्यातले निम्मे नग स्क्रूड्रायव्हरची सुटी टोकं असतात, गोट्या (नटावर बसणारे सॉकेट) बाराकोनी असतात आणि रॅचेट (गोटी फिरवायचा दातेरी दांडा) इतकं नाजूक असतं की गंजलेल्या यू-बोल्टवर जोर लावला की आतले दात जातात. तेवढ्याच पैशात मोजकी पण चांगली हत्यारं येतात आणि ती पुढच्या पिढीलाही पुरतात.

घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्रीसिंग, ब्रेक, पाटे (सस्पेन्शनच्या पोलादी पट्ट्या, ज्या यू-बोल्टने एक्सलला बांधलेल्या असतात), क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा), हब (चाकाचा मधला भाग) एवढी कामं स्वतः करायची आहेत, असं धरून मी लिहितोय. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर तो वेगळा विषय आहे.

१. आधी गाडी मोजा, मग दुकानात जा

सगळं अडतं ते इथे. मीही या टप्प्यावर बराच काळ अडलो होतो. कारण जो तो ‘८ ते ३२ चा सेट घे’ एवढंच सांगतो आणि कुठल्या गाडीसाठी ते विचारत नाही.

आपल्याकडच्या ऑफ-रोड गाड्यांची मापं एका घराण्यातली नाहीत. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली आणि त्या जीपबरोबर अमेरिकन इंची मापं आली. ती पुढे सीजे३४०, एमएम५४० अशा गाड्यांत चालत राहिली. त्यामुळे जुन्या महिंद्रा जीपचे चासी, एक्सल, पाटे, बॉडी हे सगळं बहुतांशी इंचात असतं. पण एमएम५४० चं डिझेल इंजिन प्यूजोच्या घराण्यातलं, म्हणजे मिलिमीटरमधलं. एकाच गाडीत बॉनेटखाली एक माप आणि फ्लोअरखाली दुसरं. जिप्सी पूर्ण मिलिमीटरमध्ये आहे, पण जपानी माळेतली: १०, १२, १४, १७, १९. नवी थारही मिलिमीटरमध्येच, मात्र जिप्सीत क्वचित लागणारा १३ चा पाना तिथे सतत लागतो आणि जागोजागी सहा पाकळ्यांच्या खाचेचे टॉर्क्स बोल्ट भेटतात. दोघांना एकच सेट पुरेल असं सांगणाऱ्याने दोन्हींखाली झोपून काम केलेलं नसतं.

शिवाय गाडी जुनी असेल तर आधीच्या मालकांनी आणि गॅरेजवाल्यांनी हाताला लागेल तो बोल्ट ठोकलेला असतो. म्हणून मॅन्युअल वाचून पाने विकत घेऊ नका. एक साधा व्हर्नियर (सरकत्या जबड्याची मोजपट्टी) घ्या, वायर ब्रशने नट घासा आणि समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मोजा. नटाच्या तिन्ही जोड्या मोजा, कारण एखादी बाजू आधीच खाल्लेली असते. माप शक्यतो वॉशरच्या जवळ घ्या. तिथे नट सगळ्यांत कमी झिजलेला असतो. पाटे, शॅकल, शॉक ॲब्सॉर्बर, प्रोपेलर शाफ्टचे फ्लँज, हब, ब्रेक प्लेट, बंपर असं एकेका जागेचं माप वहीत लिहा. ती वही म्हणजेच तुमची खरेदीची यादी.

आता इंच आणि मिलिमीटरची अदलाबदल. ‘जवळपास बसतो’ या शब्दांनी जेवढे नट गोल केलेत तेवढे गंजानेही केले नसतील. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सूत, म्हणजे ३/४ इंच, १९.०५ मिमी होतो. नट मापाला किंचित कमी बनवलेला असतो, त्यामुळे १९ चा पाना बहुतेक वेळा नीट बसतो आणि खुशाल वापरावा. पाच सूत १५.८८ मिमी, तिथे १६ चा पाना चालतो, पण नट स्वच्छ आणि कोपरे शाबूत असतील तरच. याच्या पुढे सवलत नाही. चार सूत म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना हाताला बसल्यासारखा वाटतो, पण तो ०.३ मिमी ढिला असतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे उडवायला तेवढं पुरतं. साडेचार सूत १४.२९ मिमी, त्यावर १४ चा जात नाही आणि १५ चा फिरतो. साडेतीन सूत ११.११ मिमी, तिथेही ११ चा अनेकदा अडतो आणि १२ चा लोळतो. जुनी जीप असेल तर साडेतीन, चार, साडेचार, पाच आणि सहा सुताचे पाने आणि गोट्या इंचातल्याच घ्या. याला पर्याय नाही.

पाना बरोबर आहे का हे पाहायला जोर लावायची गरज नसते. पाना नटावर पूर्ण खाली बसवा आणि मनगटाने हलकेच इकडे-तिकडे हलवा. ‘खट खट’ असा आवाज येत असेल आणि पान्याचं टोक बोटभर हलत असेल तर तो पाना काढून ठेवा.

जुन्या बाजारातून हत्यारं घेत असाल तर आणखी एक गोष्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात इंग्रजी बनावटीचे जुने पाने मिळतात. पोलाद उत्तम असतं, पण त्यावर ‘डब्ल्यू’ किंवा ‘बीएस’ कोरलेलं असेल तर ते व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचे आहेत. त्यातला आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टाच्या दांड्याच्या जाडीचा असतो. ३/८ डब्ल्यू कोरलेल्या पान्याचं तोंड सुमारे १८ मिमी भरतं, तर ३/८ एएफ (म्हणजे नटाच्या सपाट बाजूंमधलं अंतर) असलेल्याचं साडेनऊ मिमी. जीपला एएफ लागतात. नुसता आकडा पाहून पाना उचलू नका, व्हर्नियर खिशात ठेवा.

२. गोटी षटकोनीच मागा

दुकानदार न विचारता बाराकोनी गोटी पुढे करतो. नवीन, स्वच्छ नटावर ती चालते. पण पावसाळ्यात कोकणात फिरलेल्या, चिखलातून काढलेल्या गाडीच्या नटाचे कोपरे आधीच झिजलेले असतात आणि बाराकोनी गोटी नेमकी त्या कोपऱ्यांवर जोर देते. षटकोनी गोटी सपाट बाजूवर दाबते. नटाचा एखादा कोपरा गेलेला असला तरी ती पकडते. गाडीखालच्या कामासाठी १/२ इंच चौकाच्या (रॅचेट जिथे अडकतं ते चौकोनी भोक) षटकोनी गोट्या घ्या. काळ्या रंगाच्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या इम्पॅक्ट गोट्या बहुतेक षटकोनीच येतात आणि थोड्या जाड असतात. जागा असेल तिथे मी त्याच वापरतो.

यू-बोल्टसाठी लांब गोटी वेगळी घ्या. यू-बोल्टचे आटे नटाच्या बाहेर इंच-दीड इंच लोंबत असतात. साधी गोटी आट्यांच्या टोकाला टेकते आणि नटावर अर्धीच बसते. बाहेरून पाहिलं तर बसल्यासारखी दिसते, जोर लावला की निसटते आणि मूठ चासीवर आपटते. बोटाने चाचपून पाहा. गोटीची कडा वॉशरला टेकली असेल तरच बार लावा.

रिंग पाने बाजारात बहुतेक बाराकोनीच मिळतात आणि त्यांनाही काम आहे. अरुंद जागेत बाराकोनी रिंग ३० अंश फिरवली की पुढचे कोपरे पकडते, षटकोनीला ६० अंश लागतात. म्हणून रिंग पान्यांचा सेट घ्यायचाच, पण गंजलेल्या नटावर पहिला हात गोटीचा. उघड्या तोंडाचा फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. तो बोल्टाचं दुसरं टोक धरून ठेवायला किंवा सैल झालेला नट पटापट फिरवायला वापरा. जाम नट सोडवायला कधीही नाही. आणि स्क्रू-पाना, म्हणजे मोठं-लहान होणारं तोंड असलेला तो पाना, जीपच्या पेटीत ठेवूच नका. तो हाताशी असला की वापरला जातो.

पान्यांसाठी नाशिकच्या टपारियाचा माल घरच्या कामाला पुरतो. मात्र नकली मालही फिरतो, म्हणून मुंबईच्या नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्याच्या बोहरी आळीत नेहमीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या.

३. रॅचेट वेगळं, बार वेगळा

रॅचेट सैल झालेला नट पटकन काढण्यासाठी असतं. जाम नट फोडण्यासाठी ते नाही. त्याला पाइप घालून लांब करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जाम नटासाठी १/२ इंच चौकाचा, ६० सेंटिमीटर लांबीचा ब्रेकर बार घ्या. ७० किलोच्या माणसाने त्याच्या टोकावर पूर्ण भार टाकला तर सुमारे ४१० न्यूटन-मीटर पीळ पडतो. २५ सेंटिमीटरच्या रॅचेटवर तोच माणूस १७० च्या आसपास अडतो. बार पुरत असताना उड्या मारायची वेळ येत नाही.

बार लावण्याआधी आट्यांचं उघडं टोक वायर ब्रशने घासा, कारण सुटलेला नट त्याच गंजलेल्या आट्यांवरून बाहेर यायचा असतो. नंतर गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर राहू द्या. दहा मिनिटांनी पान्याला भिडण्यात काही अर्थ नाही, तेल आत झिरपायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल मारून नट आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडायच्या. ‘कट्’ असा कोरडा आवाज झाला म्हणजे गंज तुटला. त्यानंतर थोडं सोडा, थोडं परत आवळा, पुन्हा सोडा. सरळ खेचत सुटलात आणि हाताला रबरासारखं मऊ लागायला लागलं, तर बोल्ट पिळतोय. तिथेच थांबा आणि पुन्हा तेल मारा. नट तापवून सोडवायचा विचार असेल, तर रबर बुश, ब्रेक पाइप किंवा डिझेलच्या लाइनजवळ ज्योत नेऊ नका. तिथे नट कापणं बरं. यू-बोल्ट तर तसेही नवे घालावेत.

आणि जोर लावण्याआधी आट्यांची दिशा पाहा. जुन्या विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे असतात. सोडतोय असं समजून लोक ते आवळत बसतात आणि शेवटी स्टड तोडतात.

४. ब्रेक पाइपसाठी वेगळा पाना

ब्रेक पाइपचा नट मऊ आणि छोटा असतो. फिक्स पान्याने तो गोल होतो आणि मग पूर्ण पाइप बदलावा लागतो. रिंगेला पाइप जाईल एवढी खाच दिलेला फ्लेअर नट पाना मागा. जिप्सीला १० चा लागतो. ब्रेकला हात लावणार असाल तर याच्याशिवाय सुरुवात करू नका.

५. हबचा बॉक्स पाना

जीपच्या पुढच्या हबमध्ये एकामागे एक दोन मोठे नट आणि मधे वाकवलेला लॉक वॉशर असतो. छिन्नी-हातोडीने ठोकून ते नट काढायची पद्धत अनेक गॅरेजांत आहे आणि ती चुकीची आहे. छिन्नीने नटाच्या कडा तर जातातच, पण पुन्हा बसवताना बेअरिंग किती आवळलं हे ठोकण्यावरून कळत नाही. आतला नट आवळून मग थोडा मागे घ्यायचा असतो, चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि वर-खाली हलवून पाहिलं तर खेळ लागता कामा नये. हे बारीक काम पान्यानेच होतं. पातळ भिंतीचा हब पाना जीपच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. नेताना जुना नट बरोबर न्या.

६. बाकीचं

पक्कड, नोज प्लायर, ग्रिप प्लायर, दोन लांबीचे चपटे आणि चौफुली स्क्रूड्रायव्हर, किलोभराची हातोडी, पितळेचा ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा), सर्क्लिप प्लायर, ॲलन की, वायर ब्रश आणि ग्रीस गन. नदी-ओढ्यातून गाडी काढली असेल तर ग्रीस गन त्याच आठवड्यात बाहेर काढा.

७. टॉर्क रेंच

चाकाचे नट, यू-बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट ‘अंदाजाने’ आवळू नका. ४० ते २०० न्यूटन-मीटरच्या आसपासचा, १/२ इंच चौकाचा, लावलेल्या आकड्याएवढा पीळ पडला की ‘टिक’ वाजणारा रेंच घ्या. ‘टिक’ झाली की थांबायचं, खात्रीसाठी आणखी एक झटका द्यायचा नाही. त्याने नट सोडू नका. काम झालं की सेटिंग सगळ्यांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते. मॅन्युअलमधले आकडे सहसा कोरड्या आट्यांचे असतात. तेल लावलेल्या आट्यांवर तोच आकडा ठेवला तर बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो.

८. गाडीखाली जाण्याआधी

जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली जायचं तर दोन घोड्या (गाडी टेकवायचे पोलादी स्टँड) हव्यातच, प्रत्येकी निदान ३ टनांच्या. विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा चाकाची रिम यांच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये. विटा आणि ब्लॉक भाराखाली अचानक फुटतात, रिम निसटते.

घोडी विकत घेताना उंची मोजा. ब्रेकचं काम एक्सलखाली घोडी लावून होतं, पण पाटे काढायचे तर घोडी चासीखाली हवी आणि एक्सल खाली लोंबकळत असतो, त्यामुळे जास्त उंची लागते. साध्या कारच्या घोड्या उंच जीपला पोहोचत नाहीत आणि मग लोक त्यांच्याखाली फळ्या रचतात. उंच घोड्याच घ्या. मातीच्या अंगणात मात्र घोडीखाली रुंद जाड प्लायवूड हवं, नाहीतर पाय रुततात. चिखलातून गाडी काढायचा उंच फार्म जॅक याच कामासाठी वापरू नका. तो एका पायावर उभा असतो आणि बाजूला कलंडतो.

घोड्या लागल्या की गाडीला खांद्याने जोरात धक्का द्या. जी काय हलायची ती तुम्ही बाहेर असतानाच हलू दे. मगच आत जा, आणि तेही घरात कुणाला तरी सांगून.