फ्रिज बंद पडण्याचे कारण बॅटरी नव्हते

पुण्याहून कॅम्परव्हॅनने कच्छला निघालो असता, भुजच्या अलीकडेच आमचा १२ व्होल्टचा फ्रिज रोज रात्री बंद पडून दूध नासू लागले. बॅटरी बदला, असा सल्ला (फुकटचा) पुष्कळांनी दिला. परंतु फ्रिज सुरू होताना व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावला, तेव्हा बॅटरीवर १२.४ आणि फ्रिजच्या टोकांशी जेमतेम ११ व्होल्ट दिसले, म्हणजे दोष वाटेतल्या वायरिंगमध्येच होता. बॅटरी आणि फ्रिज यांच्या ऋण टोकांमध्येच जवळपास एक व्होल्टचा फरक सापडल्यावर अर्थिंगचा, म्हणजे ऋण वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा बोल्ट उघडला. खाली गंज आणि गाडी बांधणाऱ्याने न खरवडलेला रंग होता. पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन लावले आणि दीड चौरस मिलिमीटरच्या वायरऐवजी सहाची तांब्याची वायर ओढली. पुढे कच्छमधल्या धोर्डोला फ्रिज पहाटेपर्यंत घुमत राहिला.