पुणे वॉरियर्सची वही कशी लिहावी

दिवाळीत भाचा घरी आला होता. वय 17, डोक्यात क्रिकेट सोडून दुसरं काही नाही. बोलता बोलता मी आयपीएलमधल्या जुन्या पुणे वॉरियर्स संघाचं नाव काढलं, तर म्हणतो, "मामा, ख्रिस गेलनं ज्यांच्याविरुद्ध 175 मारले तेच ना ते?" झालं! 3 हंगाम, 46 सामने, आणि शिल्लक काय, तर दुसऱ्याच्या धावा. त्या संघाच्या सगळ्या सामन्यांची नोंद केलेली माझी वही कपाटातून काढून त्याच्यापुढं टाकली. तासभर चाळत बसला आणि म्हणाला, मलापण अशीच करायचीय, कशी करू सांग. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

मी निगडीचा. नोकरी भोसरीला, पण शनिवार-रविवारी गेली 20-22 वर्षं मैदानाच्या कडेला टेबल मांडून स्कोअरिंग करतो. त्यामुळं संघाचा इतिहास म्हटलं की मला रकाने दिसतात. तुम्हाला वेगळं काही दिसत असेल तर तसं करा, पण निदान एक वही माझ्या पद्धतीनं करून बघा.

पहिली वही बंद पडलेल्या संघाची करा. चालू संघाची वही कधी पुरी होत नाही, आणि दर एप्रिलमध्ये आपलंच मन बदलतं. पुणे वॉरियर्स इंडिया त्यासाठी झकास. 2011 ते 2013, एवढाच कारभार. 14, 16 आणि 16, मिळून 46 सामने. लांब वहीच्या चार पानांत मावतात.

साहित्य म्हणाल तर लांब वही, पट्टी, पेन्सिल, खोडरबर आणि दोन रंगांची पेनं. पान आडवं धरा आणि रकाने पाडा: क्रमांक, तारीख, मैदान, समोरचा संघ, नाणेफेकीला आलेला कर्णधार, आपल्या धावा, त्यांच्या धावा, निकाल, चालू बेरीज, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. सगळं आधी पेन्सिलीनं. दोन ठिकाणी पडताळून झाल्याशिवाय शाई लावायची नाही.

तारखेत हमखास गडबड होते. रात्री आठचा सामना संपायला बारा वाजायचे, वर्तमानपत्रात बातमी दुसऱ्या दिवशी, आणि बाहेरगावी जाणाऱ्या आवृत्तीत तर तिसऱ्या दिवशी. कात्रणावरची तारीख बघून लिहाल तर अर्धी वही एक दिवस पुढं सरकेल. माझी सरकली होती. नाणेफेक ज्या दिवशी झाली ती तारीख धरायची.

आता चालू बेरजेचा रकाना. वहीचा जीव इथं आहे. प्रत्येक सामन्यानंतर जिंकले किती, हरले किती, निकाल न लागलेले किती, एवढंच लिहायचं. पहिला सामना 10 एप्रिल 2011, पंजाबविरुद्ध. 7 गडी राखून विजय, सामनावीर विदर्भाचा डावखुरा श्रीकांत वाघ. लिहा 1-0. तीन दिवसांनी कोची: 2-0. विश्वचषक जिंकून आठवडाच झालेला, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू युवराज आपला कर्णधार, दोनातले दोन खिशात. त्या आठवड्यात आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये लोक गुणतक्त्यावर बोटं ठेवून बोलायचे. मग तो रकाना खाली वाचत या: 2-1, 2-2, 2-3... थेट 2-7. ओळीनं सात. मे महिन्यात पंजाब आणि डेक्कन चार्जर्सला हरवून 4-7, मग आणखी दोन पराभव, आणि दिल्लीचा शेवटचा सामना पावसानं घालवला. 4-9-1. दहा संघांत नववे.

नुसता "नववा क्रमांक" लिहिला असता तर ही घसरण दिसली असती का? 2012 तर याहून वाईट. पहिल्या 7 सामन्यांत 4 विजय, म्हणजे चांगलं चाललं होतं. त्यानंतर ओळीनं 9 पराभव. 2013च्या सुरुवातीचे दोन धरले तर 11. या दोन वर्षांच्या मधे मी जाड रेघ मारली होती, ती खोडावी लागली, कारण ही मालिका रेघ ओलांडून पुढं जाते. म्हणून सांगतो, वर्ष बदललं तरी बेरीज तोडू नका. हंगामाची वेगळी बेरीज हवी तर समासात लिहा.

मैदानाचा रकाना भरताना घाई करू नका. पुण्याचा संघ म्हणून 2011च्या घरच्या सामन्यांपुढं पुणे लिहून मोकळे व्हाल, तर चूक. गहुंज्याचं स्टेडियम तेव्हा तयार नव्हतं. "घर" होतं नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आमच्या निगडीहून द्रुतगती मार्गानं गहुंजे पंधरा-वीस मिनिटांवर, आणि आपलाच संघ बघायला घाट उतरून नवी मुंबईत जायचं! गहुंज्यात पहिला सामना झाला 8 एप्रिल 2012ला, पुन्हा पंजाबविरुद्धच, 22 धावांनी जिंकलो. मी होतो. परतताना गाडीपर्यंत इतकं चालावं लागलं की चपलेचा अंगठा तुटला. हे माझ्या शेऱ्याच्या रकान्यात आहे. तुमच्या वहीत तुमची चप्पल लिहा. स्टेडियमला तेव्हा मालकांचं, सुब्रतो रॉय सहारा यांचं नाव होतं, पुढं ते गेलं. सामन्याच्या दिवशी जे नाव होतं ते लिहा आणि आजचं नाव कंसात टाका.

कर्णधाराचंही तसंच. "2011 युवराज, 2012 गांगुली, 2013 मॅथ्यूज" असं तीन ओळींत उरकू नका. 2013ला सुरुवात अँजेलो मॅथ्यूजनं केली, पण त्याच हंगामात रॉस टेलर आणि अ‍ॅरन फिंचही नाणेफेकीला गेले. प्रत्येक ओळीत नाव लिहिलं की संघ किती डळमळीत होता ते आपोआप दिसतं. युवराज 2012ला आजारपणामुळं नव्हता, त्यामुळं त्या वर्षाच्या 16 ओळींत त्याचं नाव कुठंच येणार नाही. गांगुली मात्र 2011च्या मध्यातच, आशिष नेहराच्या जागी, संघात आला होता. 5 मे 2012च्या ओळीत, ईडन गार्डन्सवर, त्याच्याच गावच्या कोलकात्याविरुद्ध, तो पुण्याचा कर्णधार आहे. 7 धावांनी हरलो. त्या ओळीचा शेरा मी कोराच ठेवलाय. दरवेळी काहीतरी लिहायला जातो आणि खोडतो.

आता ते 175. 23 एप्रिल 2013, बंगळूरु. ही ओळ टाळता येत नाही, टाळूही नका. पण आपण वही पुण्याची लिहितोय, तेव्हा धावफलक आपल्या बाजूनं वाचायचा. म्हणजे फलंदाजी वाचून झाली की न थांबता खाली गोलंदाजीकडं यायचं. गेलच्या 66 चेंडूंत नाबाद 175, शतक 30 चेंडूंत, 13 चौकार, 17 षटकार, हे सगळ्यांना पाठ असतं. बंगळूरु 5 बाद 263. आता खाली या. भुवनेश्वर कुमार: 4-0-23-0 (षटकं, निर्धाव षटकं, धावा, बळी). पुन्हा वाचा. त्याच डावात, त्याच खेळपट्टीवर, चार षटकांत 23. ल्यूक राइटनं चार षटकांत 26 दिल्या. दोघांची मिळून 8 षटकं, 49 धावा. उरलेल्या 12 षटकांत दोनशेच्या वर गेल्या. फिंचनं एकच षटक टाकलं, त्यात 29. स्कोअररच्या टेबलावर बसणाऱ्याला हे लगेच दिसतं, कारण षटक संपलं की गोलंदाजाची बेरीज करावीच लागते. आरडाओरडा कितीही असो, पेन्सिल त्या छोट्या चौकोनातच जाते. टीव्हीवर बघणाऱ्यांनी भुवनेश्वरचा तो स्पेल पाहिला, पण पाहिल्याचं त्यांच्या लक्षात नाही. पुण्याचा डाव 9 बाद 133, 130 धावांनी हार, आणि त्यातले दोन बळी गेलनंच एका षटकात घेतले. भाच्याला हे दाखवलं तर तो बराच वेळ गप्प होता.

याच पद्धतीनं 2011च्या ओळीत राहुल शर्मा सापडेल. उंच लेगस्पिनर. मुंबई इंडियन्सविरुद्ध 4-0-7-2! सामना हरलो, पण वीस षटकांच्या सामन्यात चार षटकांत सात धावा म्हणजे काय, ते ज्यानं कधी गोलंदाजी टाकली असेल त्याला विचारा. हरलेल्या सामन्यात आपल्यातला एक चांगला आकडा शोधून शेऱ्यात लिहायचाच, असा मी नियम केलाय. कधी कधी फार शोधावं लागतं. 17 एप्रिल 2013ला गहुंज्यात हैदराबादला 119वर रोखलं, तर आपण 108वर गुंडाळले गेलो, वर त्यांच्या अमित मिश्राची हॅट्ट्रिक. तिथं तरी गोलंदाजांनी 119वर रोखलं होतं, तेच लिहिलं.

दोन पुणे एक करू नका. 2016 आणि 2017ला खेळला तो रायझिंग पुणे संघ. मालक वेगळे, कर्णधार आधी धोनी, मग स्मिथ. त्याची वही वेगळी. फसायला जागा भरपूर आहे: स्टीव्ह स्मिथ दोन्हीकडं खेळला, आणि वानखेडेवर मुंबईला हरवून हंगाम सुरू करणारा पुण्याचा संघ 2012चाही आहे (28 धावांनी) आणि 2016चाही (9 गडी राखून). सोसायटीच्या प्रश्नमंजूषेत मी स्वतः यावर आपटलोय. माइकवर चुकीचं उत्तर बरोबर म्हणून जाहीर केलं. अजून ऐकवतात.

पैशाचं पान वहीच्या शेवटी ठेवा, नाहीतर ते सगळ्या क्रिकेटवर सावली धरतं. पण ठेवा. 21 मार्च 2010ला चेन्नईत सहारा समूहानं हा संघ 37 कोटी डॉलरला घेतला. 2008ला पहिले आठ संघ मिळून सुमारे 72 कोटी 36 लाख डॉलरला गेले होते, म्हणजे हा एकटा संघ त्या आठांच्या निम्म्याहून महाग. रक्कम डॉलरमध्येच लिहा. आजच्या भावानं रुपये काढले की आकडा उगीच फुगतो. शेजारी 94 आणि 74 हे दोन आकडे लिहा. बोली 94 सामने धरून लावली होती, 2011ला प्रत्यक्षात झाले 74. क्रिकेट मंडळाला द्यायच्या फीचा वाद तिथून सुरू झाला आणि बँक हमीपर्यंत गेला.

शेवटी हिशेब जुळवा. चालू बेरजेत शेवटी 12-33-1 यायला हवं. 12 आणि 33 पंचेचाळीस, वर दिल्लीचा पावसाचा एक, झाले 46. नाही जुळलं तर मागं जा. माझे दोनदा 47 आले होते, कारण 2012ला दिल्लीशी तीन दिवसांच्या अंतरानं दोन सामने झाले आणि त्यातला एक मी दोनदा लिहिला होता.

46वी ओळ आहे 19 मे 2013ची. गहुंज्यात, दिल्लीविरुद्ध, 38 धावांनी विजय. त्याच्या आधीचा कोलकात्याविरुद्धचा सामनाही जिंकलेला. दोन दिवसांनी, 21 मेला, सहारानं स्पर्धेतून अंग काढून घेतलं. स्कोअरबुकात डाव संपला की खालच्या रिकाम्या ओळींवर आम्ही तिरकी रेघ मारतो, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडू नये. पट्टी लावा, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, एकाच ओढीत. ही रेघ मात्र शाईनं.