एअर फिल्टर घरीच चेक करा, घरीच बदला

इंजिनच्या एअर फिल्टरसाठी मेकॅनिक लागत नाही, खरंच. बऱ्याच गाड्यांमध्ये हातानेच काम होतं, फारतर एक स्क्रूड्रायव्हर.

गाडी बंद, इंजिन गार, मग बॉनेट उघडा. इंजिनकडून निघालेला जाड काळा पाइप ज्या प्लास्टिकच्या डब्याला जोडलेला असतो तोच फिल्टरचा बॉक्स (केबिन फिल्टर वेगळा, तो एसीचा, विकत घेताना हमखास गोंधळ होतो). क्लिपा उघडा किंवा स्क्रू काढा आणि झाकण अलगद उचला, ओढाओढ नको कारण तिथेच आसपास सेन्सरची वायर असते, आणि फिल्टर काढायच्या आधी तो कसा बसलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता वरून पांढरा दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका. ती इंजिनकडची बाजू असू शकते, धूळ बसते हवा जिथून आत येते त्या बाजूला. उलटा करा, बोटांनी घड्या जरा फाकवून बघा, मागून टॉर्च मारा. उजेड आरपार येत नसेल, कागद फाटला असेल किंवा रबरी कड कडक झाली असेल तर सरळ नवीन टाका. तेलकट डाग दिसले तर मात्र नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, मेकॅनिकला दाखवा.

धूळ थोडीच असेल तर हलकेच आपटून झटका, बास. कागदी फिल्टर धुवायचा नाही, आणि कॉम्प्रेसरची जोराची हवा मारली की कागदाला बारीक भोकं पडतात जी डोळ्यांना दिसतही नाहीत. १ किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, म्हणजे त्या भोकांतून किती धूळ आत जाईल बघा, ती सिलिंडर घासत बसते.

नवीन बसवण्याआधी डबा ओल्या फडक्याने पुसा, कचरा पाइपात ढकलू नका. रबरी कड खाचेत चारी बाजूंनी नीट बसली पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं, फट राहिली तर त्यापेक्षा जुना मळका फिल्टर परवडला. क्लिप जोर लावून लागत असेल तर फिल्टर वाकडा बसलाय, परत काढा.

किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, धुळीच्या रस्त्यावर चालवत असाल तर त्याच्या बरंच आधी. आणि मायलेज एकदम वाढेल अशी आशा ठेवू नका, फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फरक पडला तर पिकअपमध्ये पडतो.