नवरात्र झाल्यावर मुलांकडे अमेरिकेला निघालात? तिथल्या सणांची तयारी अशी करा

आपल्या बडोद्यातल्या दांडिया बाजार-रावपुऱ्याकडचे बरेच आई-बाबा गरबे आटोपले की अमेरिकेला निघतात आणि तिथे नेमका सणांचा सीझन चालू असतो, पण कोण काय कशासाठी करतंय ते कळत नाही, मग दोन महिने नुसतं सोफ्यावर बसून बघत राहायचं. त्यापेक्षा थोडं माहीत करून जा.

31 ऑक्टोबरला हॅलोविन. दारोदारी सांगाडे नि भुतं लटकलेली दिसतील, नातवासमोर अशुभ वगैरे अजिबात म्हणू नका. मूळ सण आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, सुगी संपून थंडी लागतानाचा. 1845 पासून तिकडे बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ पडला, आयरिश लोक लाखांनी अमेरिकेत आले आणि सण सोबत आला. गावी सलगम कोरून त्याचे दिवे करायचे, इकडे त्यासाठी मोठा भोपळा मिळाला. त्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन दारोदारी खाऊ मागत फिरतात. तुमचं काम एवढंच की चॉकलेटं पॅकबंदच वाटायची, आपला लीलो चिवडा कितीही भारी असला तरी दुसऱ्यांच्या पोरांच्या पिशवीत टाकायचा नाही. मुलं यायला नको असतील तर बाहेरचा दिवा बंद ठेवा, समजतात ते.

खरा सण थँक्सगिव्हिंग, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. नातू शाळेतून शिकून येईल की 1621 मध्ये प्लिमथ गावी नव्याने आलेले इंग्रज आणि तिथले मूळनिवासी वाम्पानोआग लोक एकत्र जेवले. जेवले खरे, तीन दिवस चाललं होतं. पण दरवर्षीचा राष्ट्रीय सण झाला तो राष्ट्राध्यक्ष लिंकनमुळे, 1863 ला, ऐन यादवी युद्धात. सारा हेल म्हणून एका मासिकाच्या संपादिका होत्या, त्या वर्षानुवर्षं मागे लागल्या होत्या की सगळ्या राज्यांनी एकाच दिवशी करा. देश फुटायला आलेला असताना सगळ्यांना एका पंगतीला बसवायचं, हे मला त्या 1621 च्या गोष्टीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि म्हणूनच इटालियन असो, चिनी असो की आपले पटेल, नवीन आलेला माणूस हा सण केला की अमेरिकन झाल्यासारखा वाटतो. (पुढे 1939 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी दुकानदारांची विक्री वाढावी म्हणून तारीख आठवडाभर अलीकडे घेतली, काही राज्यांनी ऐकलंच नाही, शेवटी 1941 ला चौथ्या गुरुवारचा कायदा केला!) मूळनिवाशांना मात्र यात आनंद वाटेलच असं नाही, प्लिमथला 1970 पासून त्यांच्यातले काही जण याच दिवशी शोक पाळतात. तेव्हा ती 1621 ची गोष्ट फार गोड करून सांगू नका.

जेवायला बोलावलं तर शाकाहारी आहात हे आधीच कळवा, कारण टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) सोडाच, स्टफिंगमध्ये, म्हणजे सोबतच्या पावाच्या सारणात, चिकनचं पाणी असू शकतं, रताळ्यावरच्या मार्शमेलो नावाच्या मऊ मिठाईत जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं) आणि भोपळ्याच्या 'पाय' (pie) नावाच्या गोड पदार्थात अंडं असतं. एक पदार्थ स्वतः न्या, श्रीखंड मस्त चालतं. टेबलावर प्रत्येकाला कशाबद्दल आभार मानायचेत ते विचारतात बऱ्याच घरी, एक वाक्य तयार ठेवा, मराठीत बोललात तरी सूनबाई सांगेल. दूध-भाजी बुधवारीच आणा, गुरुवारी बरीच दुकानं बंद. शुक्रवारी पहाटे सेलला चला म्हणून मुलगा उठवेल, तुम्ही खुशाल झोपा, त्याच वस्तू ऑनलाइन पण स्वस्त असतात.