मायलेकींसाठी चित्रपटचर्चा कशी घडवून आणावी

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार या भागांतील मराठी घरांत हळदीकुंकू, भिशी किंवा भजनी मंडळ यांच्या निमित्ताने आया आणि लेकी एका खोलीत जमतात, पण जमल्या म्हणून एकमेकींशी मोकळेपणाने बोलतातच असे नाही. अशा एखाद्या दुपारी मायलेकींच्या नात्यावरचा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा करायची असेल, तर पहिली अडचण ठरलेली असते. चित्रपट संपताच चूक आईची की मुलीची असा खटला उभा राहतो, प्रत्येक आई पडद्यावरच्या आईचे वकीलपत्र घेते आणि पाहता पाहता घरची धुणी बाहेर निघतात. हा खटला उभा राहू न देणे हेच चर्चा चालवणारीचे मुख्य काम आहे. त्यासाठी पात्रांच्या स्वभावावर बोलण्याऐवजी त्यांच्या हातांतून फिरणाऱ्या वस्तूंवर आणि पैशांवर बोलणे सुरू करावे. स्वभावावर प्रत्येकीचे मत आधीच तयार असते, वस्तूकडे मात्र पुन्हा पाहावे लागते.

सुरुवातीला ‘सीक्रेट सुपरस्टार’ (२०१७) घ्यावा. त्याची कथा बडोद्यातच घडते, त्यामुळे ‘हे आपल्याकडे होत नाही’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. चित्रपट अडीच तासांचा आहे, म्हणून मध्ये चहाची सुटी ठेवावी. यातली नज्मा मुलीच्या गाण्यासाठी स्वतःचा सोन्याचा हार विकून लॅपटॉप आणते. लग्नाला जायच्या वेळी हार जागेवर नसल्याचे नवऱ्याच्या लक्षात येते आणि तो मुलीलाच तो लॅपटॉप खिडकीतून खाली फेकायला लावतो. चर्चा या हारापासून सुरू करावी. तो नक्की कोणाचा होता? तो मोडताना नज्माला कोणाची परवानगी घ्यावीशी वाटली नाही, आणि मग तो मोडल्याचे लपवावे का लागले? या प्रश्नांना दोन्ही पिढ्यांकडे उत्तरे असतात, कारण दागिना हा विषय आयांच्या ओळखीचा आणि लॅपटॉप लेकींच्या. आईने नवऱ्याला सोडावे असा आग्रह मुलगी धरते, तेव्हा तिला आईची भीती दिसते, आईकडे स्वतःची कमाई नाही हे तितकेसे दिसत नाही. चित्रपटाचा सर्वांत प्रामाणिक भाग मला हाच वाटतो. विमानतळावर नज्मा नवऱ्याला सोडून निघते तो शेवटाकडचा प्रसंग टाळ्या घेणारा आहे, पण टाळ्या ओसरल्यावर नज्मा पुढच्या महिन्यात घर कशावर चालवील, हे अवश्य विचारावे.

बसण्याच्या व्यवस्थेकडे दुर्लक्ष करू नये. आई आणि तिची मुलगी शेजारी बसल्या, तर मुलीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आईच देते आणि मुलगी मोबाईलमध्ये डोके घालते. त्यामुळे तीन-चार जणींचे गट करावेत आणि प्रत्येक मुलीला दुसऱ्या मुलीच्या आईबरोबर बसवावे. परक्या आईपुढे मुली नेमके बोलतात, आणि परक्या मुलीचे बोलणे आया मध्येच तोडत नाहीत. पहिल्या अर्ध्या तासात ‘आमची पण अगदी अशीच’ हे वाक्य उच्चारायचे नाही, असा नियम हसत हसत पण आधीच सांगून टाकावा. मुली गुजरातीत किंवा इंग्रजीत बोलू लागल्या तर त्यांना मराठीत बोलायची आठवण करून देऊ नये. तो दुसरा, जुना वाद आहे.

दुसऱ्या वेळेस रेणुका शहाणे यांचा ‘त्रिभंग’ (२०२१) दाखवता येईल. तो जेमतेम दीड तासाचा आहे आणि त्यात लेखिका आजी, ओडिसी नर्तकी आई अनू आणि नात माशा अशा तीन पिढ्या आहेत. त्यात बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराचा विषय येत असल्यामुळे तो फक्त प्रौढ मुलींसाठी ठेवावा आणि येणाऱ्या प्रत्येकीला हे आधी सांगावे. कोणाला यायचे नसेल तर कारण विचारू नये. यातली प्रत्येक मुलगी आपल्या आईसारखे जगायचे नाही असे ठरवूनच आयुष्य उभारते. आजी बेशुद्ध पडलेली असल्याने अनूच्या रागाला समोरून उत्तर मिळणे थांबलेले आहे, तर चाकोरीतले सासर पत्करणारी माशा ही तिच्या मोकळेपणाला मिळालेले उत्तर आहे. गटातील आजींना इथे आवर्जून बोलते करावे. मुलीला आपण काय देत आहोत असे त्यांना त्या काळी वाटत होते, एवढेच विचारले तरी पुरते.

परदेशी चित्रपट अख्खा दाखवण्याची गरज नसते, कारण उपशीर्षके वाचण्यात वयस्कर बायकांची दमछाक होते. ग्रेटा गर्विग यांच्या ‘लेडी बर्ड’मधील (२०१७) स्वस्त कपड्यांच्या दुकानातला प्रसंग मराठीत आधी समजावून सांगून दाखवावा. मुलगी पाय घासत का चालते या क्षुल्लक कारणावरून दोघींची तिथे जुंपते, आणि हँगरवर एक झगा दिसताच त्याच दमात दोघी एकसुरात खूश होतात. कपडे खरेदीला मुलीबरोबर गेलेल्या कोणत्याही आईला यावर भाष्य लागत नाही. मग ती आई मनोरुग्णांच्या रुग्णालयात जादा पाळ्या करणारी परिचारिका आहे हे सांगावे आणि तोच प्रसंग पुन्हा लावावा. आपल्याकडच्या चित्रपटांत, लोकांच्या घरी काम करणारी आई मुलीच्याच वर्गात जाऊन बसते तो हिंदी ‘निल बट्टे सन्नाटा’ही चांगला आहे, फक्त दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर दाखवू नये, मुलींना तो चित्रपट न वाटता शिकवणी वाटते.

पुढचा चित्रपट लेकींना निवडू द्यावा. त्यांनी ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’ (२०२४) निवडला, तर मुलीच्या मित्राशी आईची जवळीक वाढू लागते आणि मुलीला ती सलते, ही त्याची कथा आयांना आधी कळवावी, शक्य असल्यास त्यांनी तो लेकींशिवाय एकदा पाहून घ्यावा आणि मगच दिवस ठरवावा.