मंडळीबाहेरच्या शोधकांमध्ये सेवा करायची आहे?

ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतून बाहेर पडलो तेव्हा माझ्याकडे उत्तरं तयार होती. जगात दुःख का, त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) म्हणजे काय, येशूच का, सगळं तोंडपाठ. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कधी पाऊल न टाकलेल्या पण देवाच्या शोधात असलेल्या माणसांमध्ये, शोधकांमध्ये, काम सुरू केलं आणि पहिल्या वर्षात यातला एकही प्रश्न मला कुणी विचारला नाही.

सुरुवातीलाच एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, "रोज थोडा वेळ डोळे मिटून बसते. हल्ली वाटतं, समोर कुणीतरी आहे. कोण असेल?" मी लगेच योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडला आणि शब्द देही झाला, म्हणजे देव माणूस झाला, इथपासून सुरुवात केली. बाईंनी शांतपणे ऐकलं, आभार मानले, आणि पुन्हा काही आल्या नाहीत. "हे कधीपासून वाटतंय?" एवढं जरी विचारलं असतं तरी पुरलं असतं. गंमत म्हणजे त्याच अध्यायाचं ३८वं वचन माझ्या बोटाखालीच होतं. मागे मागे येणाऱ्या दोघांना येशू वळून विचारतो की तुम्ही काय शोधता, आणि ते पत्ता विचारतात तेव्हा फक्त येऊन बघा म्हणतो. तिथे उपदेश नाही.

या कामात नव्याने येणाऱ्याला मी हेच आधी सांगतो: शोधकाला काही काळ शोधकच राहू द्या. ऐकायला सोपं वाटतं, पण जमायला मला चार-पाच वर्षं लागली.

येणारी माणसं एकसारखी नसतात. कुणी बरीच वर्षं ध्यान करणारं, कुणी तीन-चार गुरू करून थकलेलं, कुणी घरातलं माणूस गेल्यावर पहिल्यांदाच वर बघायला लागलेलं. सगळ्यात अवघड जातात ते मंडळीत वाढून, दुखावून बाहेर पडलेले. आपले सगळे शब्द त्यांना माहीत असतात. "वचन काय म्हणतं बघा" अशी सुरुवात केलीत की संपलं.

शिक्षणाचं म्हणाल तर ईश्वरविज्ञान हवंच, त्याला पर्याय नाही. पण त्याच्या जोडीला निदान एक दुसरी परंपरा ती पाळणाऱ्यांकडून समजून घ्या. आपल्या खंडनपर पुस्तकांतून शिकलेला बौद्ध धर्म बौद्ध माणसासमोर दोन मिनिटंही टिकत नाही. नॉर्वेचे मिशनरी कार्ल लुडविग राइखेल्ट यांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. चीनमधल्या बौद्ध भिक्षूंसाठी त्यांनी १९२२मध्ये नानजिंगला आणि पुढे हाँगकाँगच्या एका टेकडीवर मठासारखी जागा उभी केली. फिरत्या भिक्षूने यावं, राहावं, बोलावं. खूण होती कमळातून वर आलेला क्रूस. त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती सगळीच चुकीची होती असं मला वाटत नाही. पण आधी राहायला जागा, मग बोलणं, हा क्रम मी त्यांच्याकडूनच उचलला.

दुसरी गोष्ट, रुग्णालयात रुग्णांना आध्यात्मिक आधार द्यायला शिकवणारं पाळकीय प्रशिक्षण मिळत असेल तर सोडू नका. ही पद्धत रुजवणाऱ्यांपैकी अमेरिकन पाळक अँटन बॉइसन स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेले होते. १९२५मध्ये त्यांनी सेमिनरीचे विद्यार्थी अशाच एका रुग्णालयात शिकायला नेले. पुस्तकांइतकंच माणसांना वाचा, हा त्यांचा आग्रह. या प्रशिक्षणात झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहायचं आणि मार्गदर्शकासमोर वाचायचं असतं. माझ्या पहिल्या कागदावर एकेचाळीस ओळी होत्या, त्यातल्या तेहेतीस माझ्या. मार्गदर्शकांनी काही न बोलता कागद माझ्याकडे परत सरकवला.

काही पथ्यं आहेत. आपण ख्रिस्ती आहोत हे पहिल्याच भेटीत सांगा. मैत्रीच्या आडून सुवार्ता म्हणजे फसवणूकच. प्रार्थना विचारल्याशिवाय करू नका, आणि नको म्हटलं तर तोंड पाडू नका. ऐकलेलं पोटात ठेवा, साक्ष म्हणून दुसरीकडे सांगू नका. झोप उडालीय, आवाज ऐकू येतात, जीव नकोसा झालाय असं कुणी म्हणालं तर त्याला आधी डॉक्टरांकडे पोहोचवा. आणि मदतीच्या बदल्यात श्रद्धा कधीही मागू नका.

अहवालाचा प्रश्न येणारच. माझ्या संस्थेच्या सहामाही फॉर्ममध्ये शेवटचा रकाना बाप्तिस्म्यांचा होता. सलग पाच वेळा मी तिथे शून्य लिहिलं, आणि प्रत्येक वेळी फोन आला. मी योहानाच्या शुभवर्तमानातल्या निकदेमाचं उदाहरण द्यायचो. तिसऱ्या अध्यायात तो रात्री येशूकडे येतो, सातव्यात दबक्या आवाजात त्याची बाजू घेतो, आणि थेट एकोणिसाव्यात त्याच्या दफनासाठी गंधरस घेऊन उघडपणे दिसतो. मधल्या काळात त्याला कुठल्या रकान्यात घालायचं? नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला होता. त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५मध्ये. पुढे १९१७मध्ये मिशन सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. वरिष्ठांना हे पटलं असं नाही. पण नंतरच्या फॉर्ममध्ये "इतर" असा एक रकाना आला.

स्वतःकडे बघायचं मात्र लोक विसरतात. एका निवृत्त गृहस्थांनी मला तिसऱ्याच भेटीत विचारलं, "तुमची प्रार्थना कधी कोरडी पडते का हो?" खोटं बोलायचा मोह झाला. म्हटलं, "आठ महिने झाले." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्वतःबद्दल काही सांगितलं.

ते अजून येतात. बाप्तिस्म्याचा विषय त्यांनी काढलेला नाही, मीही नाही. मागच्या वेळी बायबलमधली स्तोत्रसंहिता वाचायला नेली होती, ती परत आली तेव्हा ८८व्या स्तोत्रापाशी पेन्सिलची बारीक रेघ होती. ते स्तोत्र अंधारातच संपतं. त्यावर आमचं बोलणं अजून व्हायचंय.