लोकलमध्ये वाचायला मराठी रहस्यकथा-विज्ञानकथांचं स्वतःचं कपाट कसं लावायचं (कॅलिबर + कोरीडर)

माझं रोजचं येणंजाणं ठाणे ते घणसोली, नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर पकडायची, उभं राहायला कोपरा मिळाला की खिशातून फोन काढायचा आणि वाचायचं. एक मध्यम लांबीची कथा जाताना, एक येताना, असा माझा हिशोब बसलाय. विज्ञानकथा, रहस्यकथा, भयकथा यातलं काहीही चालतं पण मराठीतच हवं. आणि मराठी म्हटलं की लोक लगेच म्हणतात ईबुकं कुठे मिळतात, तर मिळतात हो, खरा त्रास पुस्तकांचा नाहीये, अक्षरांचा आहे. पीडीएफ असते पण फोनवर मुंगीएवढी दिसते, सर्च केलं तर काही सापडत नाही, जोडाक्षरं तुटतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लागणार काय? लॅपटॉपवर कॅलिबर (ईबुकं लावून ठेवायचं आणि त्यांचा फाईलचा प्रकार बदलायचं सॉफ्टवेअर), फोनवर किंवा ई-रीडरवर कोरीडर (ती वाचायचं ॲप), दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. कॅलिबर 2006 साली कोविद गोयल यांनी सुरू केलं, कारण त्यांच्याकडच्या सोनीच्या रीडरला लिनक्सवर सपोर्टच नव्हता, तेव्हा नाव वेगळं होतं, कॅलिबर नाव 2008 मध्ये आलं. इतकी वर्षं झाली तरी अजून अपडेट येतात आणि यापेक्षा चांगलं काही मला तरी सापडलेलं नाही. कोरीडर अँड्रॉइडवर आणि कोबोवर सरळ चालतं, किंडलवर मात्र जेलब्रेक (कंपनीने घातलेलं कुलूप तोडणं) करावं लागतं, ते नको असेल तर किंडलला ईपब फाईल (ईबुकचा असा प्रकार की अक्षर मोठं केलं तरी ओळी स्क्रीनवर नीट बसतात) सेंड टू किंडलने पाठवा, काम होतं.

आता पुस्तकं. ठाण्यातलंच ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकांच्या पीडीएफ मोफत देतं, नवीन लेखक भरपूर आहेत, नक्की बघा. विकिस्रोतावर जुनी, हक्क संपलेली पुस्तकं आहेत (आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात). आणि माझ्यासारखे जुने दिवाळी अंक रद्दीवाल्याकडून उचलून आणणारे असाल तर स्कॅन करायचे, पण ते स्वतःच्या वाचनापुरतेच, ग्रुपवर फॉरवर्ड करू नका प्लीज, मराठीत रहस्यकथा लिहून आधीच कोणाला फार पैसे मिळत नाहीत.

पीडीएफ हातात आली की पहिली टेस्ट एकच. एक ओळ सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी दिसलं तर तुमचं नशीब चांगलं. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला तर ती फाईल जुन्या, युनिकोडच्या (अक्षरांना सगळीकडे सारखे कोड देणारी पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे, श्रीलिपी वगैरे, तिथे आत मराठी अक्षरं नसतातच, फक्त दिसायला मराठी असतं. अशी फाईल कॅलिबरमध्ये टाकून ईपब केली तर तोच काला ईपबमध्ये मिळतो, मी सुरुवातीला आठवडाभर सेटिंग बदलत बसलो होतो आणि सेटिंगचा काही संबंधच नव्हता. तिला स्कॅन समजायचं आणि सरळ ओसीआर करायचं, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घ्यायची.

ओसीआरसाठी सगळ्यात सोपं म्हणजे गुगल ड्राइव्ह. थोडी थोडी पानं अपलोड करा, राइट क्लिक, ओपन विथ, गुगल डॉक्स. मराठी बऱ्यापैकी ओळखतं. कमांड लाइनची भीती नसेल तर टेसरॅक्ट घ्या, त्याचा मराठीचा डेटा वेगळा डाऊनलोड करावा लागतो, पण मग दोनशे पानं रात्रभर लावून झोपता येतं. फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा, पान सपाट ठेवा, 300 डीपीआयच्या (एका इंचात किती ठिपके ते) आसपास असू द्या. ट्यूबलाइटखाली काढलेले फोटो मी दोनदा परत काढलेत.

आणि मग खरं काम, प्रूफ. हे कोणी सांगत नाही म्हणून इथे जरा वेळ काढतो. जुन्या न्यूजप्रिंटवर ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांच्यात ओसीआर हमखास गोंधळतं, ख चं रव होतं. एका खूनकथेत इन्स्पेक्टरला खाडीकाठी "घड सापडलं" असं आलं होतं, मी दोन पानं पुढे गेलो, केळीचा घड कशाला कोणी खाडीत टाकेल असा विचार करत, मग मागे येऊन छापील पान बघितलं तर "धड". म्हणजे अख्खा क्लू एका अक्षरात अडकलेला! रहस्यकथेत अशी चूक म्हणजे कथाच गेली, त्यामुळे निदान पहिली आणि शेवटची चार पानं मूळ कागदाशी ताडून बघाच.

दुसरी भानगड ऱ्या ची. "म्हाताऱ्या"मधला तो आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला सापडतो, एक नुक्तावाल्या ऱ ने आणि एक साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडणीचा कोड टाकून. दिसायला सारखं, पण एक टाईप करून सर्च केलं तर दुसरं सापडत नाही. आणि ओसीआरमध्ये तो न दिसणारा कोड गळला की "म्हातार्या" होतं, रफार डोक्यावर जाऊन बसतो. मी लिब्रेऑफिसमध्ये रिप्लेस करून सगळीकडे ऱ्या, ऱ्हा असा एकच प्रकार ठेवतो. आंधळेपणाने रिप्लेस ऑल मारू नका फक्त, "आचार्या"चं "आचाऱ्या" होईल, म्हणजे आचार्य जाऊन स्वयंपाकी यायचा.

ओळी जोडून घ्या, प्रत्येक कथेच्या नावाला हेडिंग 1 द्या, डॉकएक्स (वर्डची फाईल) म्हणून सेव्ह करा. कॅलिबर त्या हेडिंगवरून अनुक्रमणिका आपोआप बनवतं. फाईल आत ओढून टाका, एडिट मेटाडेटा (पुस्तकाचं नाव, लेखक वगैरे माहिती भरायची जागा) उघडा. मराठी पुस्तकांची माहिती ऑनलाइन फारशी सापडत नाही, हाताने भरावी लागते. लँग्वेज मराठी करा, हे विसरू नका, काही फॉन्ट ती भाषा बघूनच मराठी वळणाचा ल आणि श दाखवतात.

लेखकाचं नाव एकाच पद्धतीने लिहा. "डॉ. जयंत नारळीकर" आणि "जयंत विष्णू नारळीकर" हे कॅलिबरला दोन वेगळे लेखक वाटतात, मॅनेज ऑथर्समध्ये जाऊन दोघांना सेम नाव दिलं की एक होतात. टोपणनावांसाठी मी वेगळा कॉलम केलाय. नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला "कृष्णविवर" ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती (आद्याक्षरं उलटी वाचा म्हणजे कळेल) आणि पहिलं बक्षीस मिळालं. हे त्या कॉलममध्ये लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. साल किंवा आवृत्ती कळत नसेल तर आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, 1893 पासूनचं, तिथे जाऊन पुस्तकच हातात घेऊन बघा. गुप्तहेरांच्या मालिका असतील तर सिरीजचा रकाना भरा, नाहीतर पाचवा भाग आधी वाचून बसाल.

मग कन्व्हर्ट, आउटपुट ईपब. फोनवर न्यायला केबल लागत नाही. कॅलिबरमध्ये कनेक्ट/शेअर, स्टार्ट कंटेंट सर्व्हर, लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर ठेवा, कोरीडरच्या ओपीडीएस कॅटलॉगमध्ये (नेटवर्कवरून पुस्तकांची यादी दाखवायची सोय) लॅपटॉपचा आयपी (वायफायवरचा त्याचा नंबर), मग :8080/opds असा पत्ता एकदाच टाका, एवढं शेवटचं इंग्रजीत टाईप करायचं. पूर्ण कपाट फोनवर दिसतं, हवं ते डाऊनलोड करायचं, ट्रेनमध्ये नेट असो नसो.

कोरीडरमध्ये फॉन्ट बदलाच. कोरीडरच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं, त्यात फॉन्टची फाईल टाकली की झालं. मी राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा वापरतो, कथा वाचायला डोळ्याला छान वाटतो, आणि उन्हात किंवा गर्दीत बारीक अक्षर वाचायचं असेल तर मुंबईच्याच "एक टाईप" या फॉन्ट बनवणाऱ्यांचा "मुक्ता". जोडाक्षरं तुटत असतील, म्हणजे क्ष चा क आणि ष वेगळा दिसत असेल, तर खालच्या मेन्यूत फॉन्ट केर्निंग "बेस्ट"वर आहे ना बघा, फास्टवर असेल तर देवनागरी नीट जुळत नाही.

उभं राहून वाचणं जमत नसेल इतकी गर्दी असेल तर मून प्लस रीडरमध्ये तीच ईपब उघडून मराठी आवाजात ऐका. आवाज सपाट आहे, भयकथेची मजा जाते, विज्ञानकथा मात्र चालून जाते.

एक कळकळीने सांगतो, कॅलिबरची लायब्ररी कुठल्याही क्लाउडच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका आणि आतली फोल्डरं हाताने हलवू नका. मी घरचा आणि दुसरा लॅपटॉप दोन्हीकडून एकदम उघडली होती, डेटाबेसची फाईल बिघडली आणि दोन वर्षं भरलेले टॅग गेले, पुस्तकं राहिली पण कुठली कथा कुठल्या अंकातली ते सगळं परत. आता रविवारी सकाळी कॅलिबर बंद करून अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करतो, चहा होईपर्यंत होतं.